समुद्रावरचे पस्तीस मजले

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास नरिमन पॉइंटवरचा लोंढा चर्चगेटकडे वळतो. शेअर टॅक्सीच्या रांगा, बसथांब्यावरची घुसाघुशी, आणि टॅक्सीचे पैसे वाचवायला झपाझप चालत निघालेली माणसं. कुणाला बोरिवली गाठायची असते, कुणाला विरार. दुपारभर डोसे आणि सँडविच पुरवणाऱ्या गाड्या आवरल्या जातात. तास-दीड तासात फुटपाथ इतके मोकळे होतात की भरती असेल तर समुद्राचा आवाज दोन गल्ल्या आतपर्यंत ऐकू येतो. नऊच्या सुमाराला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून दक्षिणेकडे पाहिलं, तर ऑफिसांच्या इमारती एकेक करून काळ्या पडताना दिसतात. एका उंच इमारतीत मात्र उजेड वाढत जातो. बाविसाव्या मजल्यावर एक खिडकी उजळते, मग अठराव्यावर दोन, मग अगदी वर कुठेतरी एक.

ती इमारत म्हणजे ट्रायडंट हॉटेल. मजले पस्तीस, खोल्या पाचशेहून अधिक. १९७३ साली ते ओबेरॉय शेरेटन या नावानं उघडलं. पुढे ते ओबेरॉय टॉवर्स झालं, काही वर्षं हिल्टन टॉवर्स होतं आणि २००८ पासून ट्रायडंट आहे. शेजारी, आतल्या वाटेनं त्याला जोडलेलं, १९८६ मधलं ‘द ओबेरॉय’ उभं आहे. जुनी मुंबईकर मंडळी मात्र दोन्हींना मिळून अजून ‘ओबेरॉय’च म्हणतात.

कचेऱ्यांच्या भागात दिवसा लाखो माणसं येतात आणि रात्री जवळजवळ कुणी राहत नाही. अशा ठिकाणी रात्री भरणारं घर म्हणजे हॉटेल. घर म्हटलं की पाणी भरणं आलं, अंथरूण घालणं आलं, धुणं-भांडी आली, उरलेल्या अन्नाची विल्हेवाट आली, आजारपण आलं, दाराची कडी आली. ही सगळी कामं जमिनीपासून शंभर मीटर वरपर्यंत, पाचशे बिऱ्हाडांसाठी आणि रोज बदलणाऱ्या माणसांसाठी करायची. हे कसं जमतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे. पण त्याआधी या घराखालच्या जमिनीकडे पाहायला हवं, कारण शंभर वर्षांपूर्वी तिथे जमीन नव्हती.

मुंबईच्या पश्चिमेच्या बॅक बे या उपसागरात भराव घालून हजाराहून अधिक एकर जमीन तयार करायची, अशी योजना गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२०च्या सुमाराला, जोरात सुरू झाली. समुद्रात भिंत बांधायची, बंदरातला गाळ ड्रेजरनं उपसायचा आणि नळांतून आणून भिंतीच्या आत ओतायचा. कागदावर हिशेब सोपा होता. प्रत्यक्षात भिंतीतून गाळ पुन्हा समुद्रात निघून जाऊ लागला. खर्च फुगत गेला आणि जमीन दिसेना. या कारभारातली अनागोंदी चव्हाट्यावर आणली ती ठाण्यात जन्मलेल्या एका पारशी वकिलानं, खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी. त्यांनी विकास खात्यातल्या हार्वे नावाच्या अभियंत्यावर उघड आरोप केले. हार्वेंनी बदनामीचा खटला भरला. तो गाजला आणि १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. लोकांनी त्यांना ‘वीर’ म्हटलं, पुढे ते मुंबईचे महापौरही झाले. मूळ योजनेतली निम्मीसुद्धा जमीन तेव्हा वर आली नाही.

ज्या माणसानं समुद्र बुजवण्याच्या व्यवहाराला कोर्टात उभं केलं, त्याचंच नाव समुद्र बुजवून केलेल्या टोकाला मिळालं. रोज हे नाव घेणाऱ्या लाखोंपैकी फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक असते, याची मला नेहमी हळहळ वाटते. पॉइंटवर कुठेतरी ठळकपणे, आबालवृद्धांना वाचता येईल अशी, ही हकिगत लिहिलेली असायला हवी.

भराव पुन्हा नेटानं सुरू झाला तो स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६०च्या दशकात. त्याच वेळी चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल हे तिघं वेगळंच सांगत होते: मुंबईचं दक्षिण टोक आणखी जड करू नका, वाढ खाडीपलीकडे न्या. ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांचा आराखडा १९६५ साली प्रसिद्ध झाला. सरकारनं तो स्वीकारला, १९७० मध्ये सिडको स्थापन झालं आणि नवी मुंबईची आखणी सुरू झाली. पण त्याच वर्षांत इकडे नरिमन पॉइंटवर एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडियाची इमारत, बँकांची मुख्यालयं आणि हे हॉटेल उभं राहत होतं. पैसा, मंत्रालय आणि मोठ्या कंपन्या टोकालाच राहिल्या. एका हातानं नवं शहर मांडायचं आणि दुसऱ्या हातानं जुन्याच टोकावर वजन टाकायचं, ही माझ्या मते मुंबईच्या नियोजनातली सर्वांत महागात पडलेली चूक आहे. तिची किंमत आजही सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये दारात लटकणारी माणसं भरतात.

हॉटेलं कुठे उभी राहतात, हे माणसं कशानं प्रवास करतात यावर ठरतं. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडलं ते अपोलो बंदरावर, कारण तेव्हाचा पाहुणा बोटीतून उतरत असे. १९७१ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात पहिलं बोइंग ७४७ आलं. एका विमानातून साडेतीनशे-चारशे माणसं एकदम उतरू लागली, आणि त्यातल्या कामानिमित्त येणाऱ्यांना बंदराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना मीटिंगच्या जागेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर खोली हवी होती. ही गरज मोहनसिंग ओबेरॉय यांनी नेमकी हेरली. सिमल्याच्या सेसिल हॉटेलात महिना पन्नास रुपयांवर कारकुनी करून सुरुवात केलेला हा माणूस, १९३४ मध्ये तिथलंच क्लार्क्स हॉटेल घेऊन मालक झाला होता. मुंबईचा मनोरा उघडला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

आता मनोऱ्याच्या पायाशी येऊ. भरावाची जमीन कित्येक वर्षं बसत राहते. दगड, माती, गाळ, सगळं दाबलं जाऊन खाली सरकत असतं आणि समुद्राचं खारं पाणी तिच्यात मुरलेलं असतं. अशा जमिनीवर पस्तीस मजले टेकवता येत नाहीत. म्हणून भरावातून खोल भोकं पाडून, खालच्या खडकापर्यंत काँक्रीटचे खांब नेतात. त्यांना पाइल म्हणतात. इमारत त्या खांबांवर उभी राहते, भोवतालची जमीन तिला जेमतेम बाजूनं धरते. मुंबईचं नशीब असं, की ज्वालामुखीच्या लाव्हातून घडलेला खडक इथे फार खोल नाही. सह्याद्री ज्या उद्रेकांतून घडला, त्यांच्याच कुळातला हा खडक.

पण उंचीवर राहणं मुळात कुणाला हवंसं वाटू लागलं कधी? लिफ्टच्या आधी सगळा क्रम उलटा होता. युरोपातल्या जुन्या इमारतींत श्रीमंत माणूस पहिल्या मजल्यावर राही आणि पोटमाळ्यावर नोकर-चाकर, गरीब विद्यार्थी. जिने चढण्याचे कष्ट ज्याला टाळता येत, तो खाली राही. १८५४ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस हा कारागीर उघड्या पाळण्यावर उभा राहिला आणि वरचा दोर त्यानं सर्वांदेखत कापायला लावला. पाळणा किंचित खचला आणि जागीच अडकला, कारण दोर सुटताच बाजूच्या खाचांत अडकणारी पोलादी अडणी त्यानं बसवली होती. माणसांनी लिफ्टवर विश्वास टाकला तो इथून. मग सगळ्यात वरची, सगळ्यात स्वस्त खोली हळूहळू सगळ्यात महाग झाली. आज समुद्राकडच्या तिसाव्या मजल्यासाठी आपण जादा पैसे मोजतो, त्यात त्या अडणीचा वाटा आहे.

पाहुण्यांना दिसते ती लिफ्ट निम्मीच गोष्ट सांगते. प्रत्येक मजल्यावर, गालिचा संपतो तिथे भिंतीच्या रंगाचं एक साधं दार असतं. ढकललं की पलीकडे दुसरीच इमारत लागते. गालिचा नाही, खाली फरशी. ट्रॉल्या आपटून भिंत खरवडू नये म्हणून कमरेच्या उंचीवर लावलेल्या पट्ट्या. एक लहानशी पँट्री, कपाटात मोजून ठेवलेले टॉवेल, साबण, पाण्याच्या बाटल्या. आणि सर्व्हिस लिफ्ट. मळक्या चादरी, नाश्त्याच्या ट्रॉल्या, बिघडलेला टीव्ही, फुलांचे गठ्ठे, कचरा, रात्री दोनला मागवलेली खिचडी, हे सगळं या लिफ्टनं चढतं-उतरतं. ती बंद पडली तर पाहुण्यांच्या चार चकचकीत लिफ्ट चालू असूनही घर तासाभरात ठप्प होतं. हॉटेलात काम केलेली माणसं म्हणूनच नव्या हॉटेलात गेली की आधी सर्व्हिस लिफ्ट किती आहेत ते विचारतात.

पाण्याचं गणित आणखी कठोर आहे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब वाढतो. छतावरच्या टाकीतून शंभर मीटर खाली सरळ नळ सोडला, तर तळमजल्यावर दहा बार दाब येईल. आंघोळीच्या शॉवरला दोन-तीन बार पुरतात, दहाला तोट्या तडकतील. म्हणून उंच इमारतीत पाण्याचे टप्पे पाडतात. काही मजल्यांचा एक गट, त्याला स्वतंत्र टाकी किंवा दाब कमी करणारे व्हॉल्व. तळघरातले पंप वर चढवत राहतात आणि टप्पे ते पाणी शांत करून खाली सोडतात. दहाव्या आणि तिसाव्या मजल्यावरचा पाहुणा एकाच वेळी नळ उघडतो आणि दोघांच्या अंगावर सारखीच धार पडते. हे आपोआप होत नाही. तळघरात कुणीतरी दर पाळीला दाबाचे आकडे वहीत टिपत असतो, म्हणून होतं.

वापरलेलं पाणी खाली येताना मात्र निसर्ग मदत करतो. पस्तीस मजल्यांवरून पडणारं पाणी खालचा पाइप फोडत कसं नाही, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उभ्या पाइपात पाणी दगडासारखं कोसळत नाही. ते पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून पातळ पदरासारखं उतरतं. मधोमध हवा राहते. भिंतीच्या घर्षणामुळे एक-दोन मजल्यांतच त्याचा वेग ठरावीक मर्यादेला पोचतो आणि पुढे वाढत नाही. खरी काळजी असते त्या हवेची. तिला यायला-जायला वाट नसेल, तर मोरीच्या वाकड्या नळीत साठलेलं पाणी ओढलं जातं आणि गटाराचा वास खोलीत येतो. त्यासाठी सांडपाण्याच्या पाइपाशेजारून हवेचा वेगळा पाइप छतापर्यंत नेलेला असतो.

आणि मग अंथरूण. एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या एका ताईंना बेड लावताना मी जवळून पाहिलं आहे. चादर हवेत झटकली ती एकदाच, आणि मधली इस्त्रीची घडी बरोबर गादीच्या मध्यावर उतरली. मग त्या पायथ्याशी वाकल्या. चादरीचा लोंबता काठ गादीखाली खोचला, कोपऱ्याचा त्रिकोण उचलून वर धरला, खालचा भाग आत सारला आणि त्रिकोण खाली पाडून तोही घट्ट खोचला. गादीच्या कडेशी पाकिटाच्या तोंडासारखी तिरकी, स्वच्छ घडी उमटली. चार कोपऱ्यांना मिळून दीडेक मिनिट. खोली झाल्यावर त्या दारात गेल्या आणि खिडकीकडे तोंड करून किंचित खाली वाकल्या. उजेड समोरून आला की काचेच्या टेबलावरचे बोटांचे ठसे दिसतात, वरून पाहिलं तर दिसत नाहीत. एक ठसा होता. तो पुसून मगच ट्रॉली पुढच्या दारापाशी गेली.

एका पाळीत अशा साधारण बारा ते सोळा खोल्या होतात. पाचशे खोल्या आणि प्रत्येक पलंगाला दोन चादरी धरल्या, तर एका वेळी हजार चादरी अंथरलेल्या असतात. पण हजारांवर भागत नाही. एक जोड पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात असे किमान तीन जोड लागतात आणि चांगली हॉटेलं चार-पाच ठेवतात. म्हणजे नुसत्या चादरीच तीन ते पाच हजार, टॉवेल आणि उशांचे अभ्रे वेगळेच. हॉटेलच्या भाषेत या जोडांना ‘पार’ म्हणतात, आणि पार कमी पडला की लिनन रूममध्ये दिवसभर तंग वातावरण असतं.

समुद्राकाठच्या घराला आणखी एक कायमचा पाहुणा असतो, तो म्हणजे मीठ. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो आणि खिडक्यांच्या फटी शोधत राहतो. वर्षभर हवेत क्षार असतातच. ते काँक्रीटमध्ये झिरपून आतल्या सळयांपर्यंत पोचले, की सळयांवरचा संरक्षक थर मोडतो आणि गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगून वरचं काँक्रीट आतून ढकलतो, आधी केसाएवढी भेग, मग पोपडे. मरीन ड्राइव्हच्या राहत्या इमारतींना ही व्यथा तोंडपाठ आहे. मनोऱ्याची डागडुजी करणाऱ्यांचा पाळणा दोरांवर लोंबत असतो तो पावसाळा सोडून, आणि वारा वाढला की तोही उतरवतात.

हे सगळं चालवण्याचा खर्च निघतो कसा? हॉटेल जी वस्तू विकतं ती दुधाहूनही नाशवंत आहे. आजची खोली आज रात्री विकली गेली नाही, तर ती रात्र गेली. उद्या ती दुप्पट भावानं विकून भरून काढता येत नाही, कारण उद्या खोलीही एकच आणि रात्रही एकच. म्हणूनच एकाच खोलीचा भाव मंगळवारी वेगळा आणि रविवारी वेगळा असतो. कचेऱ्यांच्या भागातलं हॉटेल सोमवार ते गुरुवार भरतं आणि शुक्रवारी दुपारी ओसरतं. शनिवार-रविवारी लग्नं, कौटुंबिक समारंभ, समुद्र पाहायला आलेली शहरातलीच जोडपी यांच्यावर मदार असते.

मध्यरात्रीनंतर फ्रंट ऑफिसमध्ये ‘नाइट ऑडिट’ होतं. लॉबीत कुणी नसतं, मोठ्या फुलदाणीतली फुलं बदलली जात असतात आणि काउंटरमागे एक-दोन जण दिवसभराचा हिशेब जुळवत बसलेले असतात. प्रत्येक खोलीवर त्या रात्रीचं भाडं चढतं, रेस्टॉरंटची बिलं ताडून पाहिली जातात, जे येणार होते आणि आले नाहीत त्यांची नावं वेगळी काढली जातात. हे सगळं झाल्यावरच संगणकातली तारीख पुढे सरकते. बाहेर बारा वाजून गेलेले असले तरी हॉटेलचा दिवस हा हिशेब जुळल्याशिवाय संपत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री असा हिशेब जुळला नाही. दोन हल्लेखोर इथे शिरले आणि ट्रायडंट व ओबेरॉय २८ तारखेपर्यंत वेढ्यात होती. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या जवानांनी दोघांना मारलं. तोवर इथे तीसहून अधिक माणसं गेली होती, त्यात पाहुणे होते तसे कर्मचारीही होते. ज्या सर्व्हिसच्या वाटा, पँट्र्या आणि मागचे जिने पाहुण्यांच्या नजरेआड असतात, त्या ठाऊक असलेल्या माणसांचं मोल अशा रात्री कळतं. ट्रायडंट २१ डिसेंबरला, महिनाभराच्या आतच, पुन्हा उघडलं. शेजारच्या ओबेरॉयची मोडतोड मोठी होती, त्याला २०१० उजाडलं. त्यानंतर शहरातल्या प्रत्येक मोठ्या हॉटेलच्या दारात सामान तपासणारं यंत्र आलं. पाहुणा म्हणजे देव मानणाऱ्या घराला दारात आधी त्याची बॅग उघडावी लागते, आणि ते काम हसतमुखानं करणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो.

गेल्या वीसेक वर्षांत व्यापाराचं बिऱ्हाड उत्तरेला सरकलं आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात बँका गेल्या, परदेशी कंपन्या गेल्या, राष्ट्रीय शेअर बाजार तिथे आहे. ट्रायडंटनंही २००९ मध्ये तिथे दुसरं हॉटेल काढलं. नरिमन पॉइंटवर कितीतरी मजले रिकामे पडले. शेजारची एअर इंडियाची इमारत राज्य सरकारनं १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, म्हणजे आता तिथे कंपनीऐवजी सरकारी खाती. दुसरीकडे २०२४ मध्ये किनारी रस्ता सुरू झाला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण झाली. अंतरं आखडली. व्यापार जरा लांब गेला तरी या खिडक्यांसमोरची मरीन ड्राइव्हची ओळ, रात्री उजळणारी ती कमान, कुणाला उचलून नेता येणार नाही.

पहाटे साडेपाचला दारांखालून वर्तमानपत्रं सरकतात. साडेसहाला नाश्त्याचं दालन उघडतं आणि सकाळी आठ ते साडेनऊ, नाश्त्याला उतरणारे आणि सामान घेऊन निघणारे एकाच वेळी लिफ्टवर तुटून पडतात. त्याआधीच, सातला, रात्रपाळी सुटते. गणवेश लॉन्ड्रीत देऊन, साध्या कपड्यांत माणसं मागच्या दारानं बाहेर पडतात. चर्चगेटला उतरलेली पहिली गर्दी तेव्हा समोरून पॉइंटकडे येत असते. रात्रपाळीवाले तिच्यातून वाट काढत उलट्या दिशेनं स्टेशन गाठतात. त्या वेळी विरारकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळते.